बाजारभाव

आडगाव सोडलं की द्राक्षांचे मांडव लागतात.
मांडवांच्या मागे आमचा मनोरा.
एवढं लोखंड, आणि सगळा भार
तळाच्या एका पांढऱ्या चिनी मातीच्या दट्ट्यावर,
जणू लोणच्याच्या बरणीवर कुणी डोंगर ठेवलाय.

लोकांना वाटतं, वर कुठेतरी अँटेना बसवलेला असेल.
वर काही नाही.
खालपासून लाल दिव्यापर्यंत
सगळं लोखंडच अँटेना.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात खैरनार साहेबांनी
मला कुंपणाआत नेलं.
कोरड्या काठीच्या टोकाला गवताची ओली काडी बांधली,
लोखंडाला टेकवली.
काडी बोलली.
चक्क मराठीत, स्वच्छ, बाईच्या आवाजात:
पिंपळगाव, टोमॅटो, क्रेटला...
मग टोक काळं पडलं, वास आला.
"गंमत म्हणून नाही दाखवलं," साहेब म्हणाले.
"तिथं तुझं बोट समज."

कावळा मात्र खुशाल बसतो.
त्याचा पाय मातीत नसतो ना.
ज्याचा हात लोखंडाला
आणि पाय जमिनीवर,
त्याला ते सोडत नाही.

हिरामण गांगुर्डे पेठहून यायचा,
लाल पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा लाल,
ओझरला उतरणाऱ्या विमानांसाठी.
नियम साधा आहे, भिंतीवर रंगवलेलाही आहे:
प्रक्षेपक बंद,
मनोऱ्याला अर्थिंगचा आकडा,
आणि किल्ली चढणाऱ्याच्या खिशात.
माझ्या नाही. चढणाऱ्याच्या.

त्या दिवशी हिरामण चहाला उतरला होता.
किल्ली टेबलावर ठेवून हात धूत होता.
शहरातून फोन आला,
बाजारभाव तेवढे जाऊ द्या हो, लोक शिव्या घालतात,
पाचच मिनिटं.

पाच मिनिटांत काय होतं?
मी आकडा काढला.
किल्ली फिरवली.
पंख्यांनी सूर धरला, काटे चढले.
फाटकाला कुलूप घालायचं राहिलं.

त्याचा डबा पहिल्या पायरीला तारेने टांगलेला.
रंगावर साय धरेल म्हणून
तो डबा काढायला गेला.

ओरडला नाही तो.
मी खिडकीतून पाहिलं, तो बोटाकडे बघत उभा होता,
कुणी हाक मारल्यावर बघतात तसा.
"बाई बोलली," तो म्हणाला.
"माझ्या बोटातून. लासलगाव म्हणाली,
उन्हाळ कांदा म्हणाली, सरासरी म्हणाली."

सिव्हिलमधल्या पोरगेल्या डॉक्टरला
तिळाएवढा पांढरा ठिपका दिसला.
एवढंच? मलम लिहून दिलं.
हे भाजणं आतून बाहेर येतं
हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं नाही.
तेराव्या दिवशी तर्जनीचं पेर काढावं लागलं.

नोंदवहीत माझ्याच अक्षरात आहे:
१३.०५ ते १३.१०, प्रक्षेपण सुरळीत.

दिवाळीनंतर तो परत आला.
अर्धा मनोरा तसाच राहिला होता,
दुसऱ्या कुणाला साहेबांनी चढू दिलं नाही.
आल्या आल्या हात पुढे केला. किल्ली.
गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली, गाठ मारली,
गाठ दातांनी ओढून पाहिली.
अर्थिंगचा आकडा स्वतः अडकवला.
मग काठीला गवताची काडी बांधून लोखंडाला लावली.
हे त्याला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.
काडी गप्प.

मी खाली बसून.
पंखे बंद, काटे शून्यावर,
गावोगाव कुणीतरी रेडिओवर थापा मारत असणार.

पाचव्या पट्ट्यावरून त्याने हाक दिली,
"ओ भाऊ!
त्या दिवशी पुढे काय म्हणाली ती?
सरासरी किती?"

बघून सांगतो म्हटलं.
वही उघडली.
व्होल्ट आहेत, अँपिअर आहेत, खोलीचं तापमान आहे.
तेवढाच आकडा नाही.
तो वर थांबलाय, ब्रश हातात,
पांढऱ्याचा एक थेंब
माझ्या दारात पडला.