एक खडा जास्त

फाल्गुन अर्धा सरला की निरोप येतो:
मंगळवारी कातर आहे, ये.
साक्रीतल्या दुकानाला कुलूप घालते,
तीन ब्लाऊज, एक परकर तसेच बेतलेले ठेवून
पहिल्या एसटीने दुसाण्याच्या फाट्यावर उतरते.
पुढे वाट विचारावी लागत नाही.
वाऱ्याला मेंढरांचा वास असतो.

काल बुराईच्या उरल्यासुरल्या डोहात
सगळं खांड बुचकळून काढलं.
आज ती उन्हात उभी आहेत,
वऱ्हाडात निघाल्यासारखी, स्वच्छ, फुगलेली, घाबरलेली.

कातरणारे पाच. मामाकडचे तीन, सावडीचे दोन.
सावडीला पैसे नसतात,
पुढच्या सोमवारी आपण त्यांच्याकडे.
झिपरू मामा चारी पाय सुतळीत बांधून
मेंढी आडवी करतो. ती ओरडत नाही.
ओरडतं ते कुंपणापलीकडचं कोकरू.

माझं काम डोकं धरायचं.
माझी कातर मी दुकानातच ठेवते.
एका वर्षी आणली होती हौसेने,
चौथ्या मेंढीला धार गेली. मामा हसला:
"पोरी, कापडमा गोखरू नही ऱ्हातस वं."

लोकरीखाली काय काय निघतं.
गोखरू, गोचिडी, बाभळीचा अख्खा काटा,
नवापूरकडच्या वाटेची लाल माती,
आणि एकीच्या मानेवर लांडग्याचे दात,
चार, भरून आलेले.
कधी लागले, कुणालाच ठाऊक नव्हतं.
वर्षभर ती तशीच चरत होती
बाकीच्यांच्या मधोमध.

"हाई लोकर आते कोन लेस?"
हिरकन वहिनी दरवर्षी विचारते.
आधी घोंगडीवाला यायचा सायकलवर, तराजू घेऊन,
पावशेरासाठी तासभर हुज्जत घालायचा.
मग टेम्पोवाला. मग नुसता फोनवर भाव.
मग फोनही नाही.
आता कातरायची ती मेंढीच्या जिवासाठी,
वैशाखाआधी अंग मोकळं व्हावं म्हणून.
काळी तेवढी वहिनी गोणीत भरून ठेवते,
कशाला, ते सांगत नाही.
बाकीची बांधावर.
वारा नेतो, बाभळीला अडकते,
हायवेवरून बघणाऱ्याला वाटत असेल कापूस फुटलाय.

आबाचे हात कापतात.
पूर्वीही कापायचेच, दिवसाला तीस मेंढ्या,
एकीच्याही कातड्याला ओरखडा नाही.
आता कातर नसताना कापतात.
म्हणून त्याला निंबाखाली बसवलंय,
पुढ्यात नदीतल्या खड्यांचा ढीग:
मेंढी सुटली की एक खडा डावीकडून उजवीकडे.
वेडू मोबाईलवर मोजतो, तरीही.

दिवस कलला. वेडू म्हणाला, शहाऐंशी.
आबा म्हणाला, सत्त्याऐंशी.
खडे पुन्हा मोजले. सत्त्याऐंशी.
"चांदी झाली ना कातरून?" आबाने विचारलं.

चांदी माघातच गेली,
कुसुंब्याजवळ, पहाटे, रस्ता ओलांडताना.
ट्रक थांबला नाही.
खड्डा आबानेच खणला होता.

वेडू तोंड उघडणार तेवढ्यात
झिपरू मामाने कातर धोतराला पुसली, म्हणाला,
"हां दाजी. सगळास्ना पहिले तीच कातरी."
आबाने मान हलवली,
एक खडा उचलून पटक्याच्या शेवात बांधला.
गाठ बसायला वेळ लागला.
आम्ही दुसरीकडे बघत राहिलो.

मग कोकरं सोडली.
आया ओळखू येईनात त्यांना,
सगळ्या सारख्याच, बारीक, पांढऱ्याफटक.
एकेक कोकरू चार चार ठिकाणी हुंगून
लाथ खाऊन परत फिरत होतं.
अंधार पडेपर्यंत तो गलका चालला,
आणि मग एकेक आवाज
कमी होत गेला.

आज दुकान उघडलंय.
परकराची बाई दोनदा येऊन गेली.
लोकरीचं तेल तीन दिवस बोटांतून जात नाही,
साबण लावला तरी.
सुई धरते, ती निसटते.
पुन्हा धरते.