वाळलेला कितीला

रानडे रोडला, छत्र्यांच्या दुकानावर, दुसरा मजला.
इथून मी डोंगर विकते.
एका भिंतीला एसी, एका भिंतीला नकाशा,
त्यावर पिंगेसाहेबांनी टाचण्या टोचल्यात:
हिरवी म्हणजे धबधबे, पिवळी म्हणजे सोनकी,
काळी काजव्यांची. काळीच का ते विचारू नये,
लुकलुकणाऱ्या टाचण्या कुठे मिळतात?

मे सरता सरता फोन सुरू होतात.
"काजवे नक्की दिसतील ना?"
दिसतील.
"म्हणजे किती वाजता?"
मागच्या जुलैत एका बाईंनी धुक्याचे पैसे परत मागितले.
कड्यावर तासभर उभ्या होत्या, म्हणे, दरी आलीच नाही.
मी लेखी दिलगिरी पाठवली. धुक्याच्या वतीने.
कारवीचं तर बोलायलाच नको.
सात वर्षांनी फुलते, असं सांगितलं की
लोक म्हणतात, बरं, मग पुढच्या शनिवारी काय आहे?

मी स्वतः गेले ती एप्रिलात.
खोल्या बघून ये, गाद्या मोज,
संडासाची कडी लागते का पाहा, एवढंच काम.
बोरवंडची वाडी. ठकूबाई भांगरे.
आमच्या पत्रकात 'घरगुती जेवण'खाली जिचा हात छापलाय,
फक्त हात, भाकरीसकट,
ती ही. बाकीची बाई मी पहिल्यांदा पाहत होते.

डोंगर ओळखू येईना.
पान चारवरचा कडा तोच, पण
अंगावरचं सगळं उतरवून बसलेला,
वणव्याने खांद्यापर्यंत काळा.
धबधब्याच्या जागी एक पांढुरका ओघळ,
दूध उतू गेल्यावर पातेल्यावर राहतो तसा.

"चल पाण्याला," म्हणाली.
कड्याच्या पोटात झिरा, ताटाएवढा.
करवंटीने काढायचं, हंड्यात ओतायचं,
मग थांबायचं.
पाणी येतं, पण कुणी बघत असलं की येत नाही
असं वाटतं.
पुन्हा करवंटी. पुन्हा थांबायचं.
एका हंड्याला दीड तास. मागे दुसरा हंडा
आधीच नंबर लावून बसलेला.

मला थांबायची सवय नव्हती. रेंजही नव्हती.
बऱ्याच वेळाने बारीकसारीक दिसू लागलं:
ओल्या दगडावर पाय टेकून पाणी पिणारी मधमाशी,
सरड्याच्या गळ्यातली धडधड,
पान नसलेल्या कारवीच्या काठ्या.
ठकूबाईने त्यातली एक वाकवून पाहिली,
"हिला आजून चार वरसं," म्हणाली,
भाचीचं वय सांगावं तसं.

मग करवंटी बुडवता बुडवता, मान न वळवता,
"तिकडं मुंबईत कितीला इकता धबधबा?"
दोन दिवस एक रात्र, जेवण धरून अठ्ठावीसशे, मी सांगितलं.
तिने हिशेब केला, किंवा नसेलही केला.
"आन् वाळलेला?"

आधी तीच हसली. मग मी.
कड्याने दोघींचं हसू परत आणून दिलं,
जरा उशिरा.

इथे आल्यावर पत्रकात मी एक ओळ टाइप केली:
एप्रिल. झिऱ्यापाशी बसणे. दीड तास. काही दिसेलच असं नाही.
पिंगेसाहेबांनी लाल पेनने काट मारली.
माणूस वाईट नाही,
काट मारण्याआधी चष्मा पुसून दोनदा वाचली.
बोरवंडला टाचणी हिरवीच आहे.
तिच्या शेजारी मी एक बिनडोक्याची टोचून ठेवलीय,
अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही.

आज सकाळी मुलुंडहून कुणी वाघधरे.
"एप्रिलात रजा मिळतेय. तेव्हा डोंगरात असतं का काही?"
मी नकाशाकडे पाहिलं.
थांबता येईल का तुम्हाला, विचारलं.
"होल्डवर ना?" तो म्हणाला.
"थांबतो की."