दोर हातातून जाऊ दे

दिवा जवळ ओढ, सिग्नी,
आणि डोळे मीट.
दोर बोटांनी तपासायचा असतो.
वीतभर पुढे, पुन्हा वीतभर पुढे,
लंगडणाऱ्या गायीच्या पायावरून हात फिरवतो आपण, तसा.

चपटा लागला, थांब.
काचेसारखा गुळगुळीत लागला, थांब,
तिथे तो कधीतरी घासून तापलाय.
आतून पोकळ लागला, दाणा न भरलेल्या शेंगेसारखा,
तर वरची वीण कितीही नवी दिसो,
चाकू घे आणि तुकडे कर.
नुसता फेकू नकोस.
फेकलेला दोर कुणीतरी उचलतंच.

हा अकरा मिलिमीटरचा, वर बसल्यावर झाडाला बांधायचा.
हा कमरेचा, चढताना खोडाला मिठी मारणारा.
मधे फांदी आली तर दुसरा आधी लाव, मग पहिला सोड.
'क्षणभर' हा शब्द झाडावर नेऊच नकोस.

ही प्रुसिकची बारीक दोरी.
गाठ हाताने सरकते, वजन पडलं की चावते.
चावते का ते जमिनीपासून हातभर उंचीवर बघ,
पाय उचलून, पूर्ण बसून.
आणि दोराच्या शेवटी एक गाठ मार.
उगाच वाटते ती,
दोर संपेपर्यंत.

ढील ठेवू नकोस.
हा दोर रबर नाही,
हातभर ढील म्हणजे हातभर पडणं,
आणि ते सगळं कण्यात जातं.
दावं डोक्याच्या वर बांध.
गाय बांधतात ती जाऊ नये म्हणून,
तू बांधून घे, परत यावंस म्हणून.

धनुष्य वर ओढायची हिरवी दोरी धनुष्याचीच.
तिच्यावर माणूस नाही, गंमत म्हणूनही नाही.
ट्रकमधे बॅटरीशेजारी काही टाकू नकोस.
लेबलावरची तारीख वाच.
दुकानात लायल म्हणेल, हाही तसलाच आहे, निम्म्या किमतीत.
हस आणि पुढे हो.

तू आत्ताच हसतेस.
म्हणतेस, बाबा, तू तर फांदी मोडून पडलास.
त्यात दोर काय करणार होता?

फ्रिज घरघरतो.
बाहेर मक्याच्या खुंटांवर दव गोठतंय.

फांदी नव्हती मोडली, सिग्नी.
एकोणीस वर्षं मी ती फांदी मोडतोय,
हाडांच्या डॉक्टरसमोर,
चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता,
तुझ्या आईसमोर तर कितीदा.
तो बासवूड किकापूच्या उतारावर अजून उभा आहे,
सगळ्या फांद्यांसकट.
तुटला तो दोर.
गोठ्याच्या माळ्यावरचा, गवताचे भारे ओढायचा,
माझ्या बापाने घेतलेला.
चाळीस डॉलर वाचवले मी.
तू दोन वर्षांची होतीस.

आयुष्याची दोरी बळकट, म्हणून वाचलास,
असं शेजारची आर्डिस म्हणाली, केकची थाळी छातीशी धरून.
मी कमरेत लोखंड घालून पडलो होतो,
मनात म्हणत होतो, ती दोरी कुणी बघितली?
तिच्यावर तारीख कुठे असते?
कुठे चपटी झाली ते कोणाच्या बोटांना कळतं?

तू बराच वेळ बोलत नाहीस.
मग विचारतेस,
उरलेला दोर कुठे आहे?

मागच्या फाटकाला.
शाळेच्या बसमधून उतरून
रोज तूच सोडायचीस ती गाठ,
थंडीत दातांनीसुद्धा.

तू उठतेस. बूट चढवतेस.
पाव कापायची सुरी घेऊन जातेस, दार उघडंच टाकून.
फाटक करकरतं.
वारा, की तू, मला इथून कळत नाही.

परत येतेस तेव्हा हात लाल,
खिशातून काथ्यासारखं काहीतरी लोंबतंय.
त्याबद्दल एक शब्द नाही.
टेबलाशी बसतेस, डोळे मिटतेस,
आणि मी तपासून बाजूला ठेवलेला दोर
पहिल्या टोकापासून
पुन्हा सुरू करतेस.