शपथेच्या आदल्या रात्री

घोड्यावरच्या गिओर्गी,
मेणबत्ती अर्धीच आणली आहे.
बाकीची अर्धी बिमुर्झाच्या वर्षश्राद्धाला जळली.
चालवून घे.

खालच्या मुलखात तुझ्या भाल्याखाली साप असतो म्हणे.
आमच्या स्वानेतीत माणूस आहे,
मुकुट घातलेला, चांदीच्या पत्र्यात ठोकलेला.
लहान होते तेव्हा आईला विचारलं होतं, यानं काय केलं?
ती लोकर पिंजत म्हणाली, राजा होता, खोटं बोलायचा.
एवढ्यासाठी भाला?
मला तेव्हा तुझा रागच आला होता.

उद्या दुपारी बारा माणसं येतील,
टोप्या काढून या ओल्या भिंतीला टेकतील,
आणि अल्मस्गिर, माझा दीर,
तुझ्या छातीवर हात ठेवून सांगेल
की नदीकडचं कुरण माझ्या नवऱ्यानं त्याला दिलं,
एका बैलाच्या बदल्यात.
साक्षीला कोण होतं? बर्फ पडत होता.

बर्फ कुठे बोलतो.
बिमुर्झाला त्यानं चार महिने पोटात ठेवलं
आणि एप्रिलमध्ये न बोलताच परत दिलं.

त्यानंतर सात हिवाळे हा माझ्याकडे जेवला.
लसूण, धणे, मेथी घालून वाटलेलं आमचं मीठ
मी माझ्या हातानं त्याच्या बटाट्यावर भुरभुरलं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
त्याचं मीठ झोपलंय, गिओर्गी,
घोरतंय.

खरं सांगते, आधी शाप मागायलाच निघाले होते.
त्याचा हात झडावा.
खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात,
आणि आमच्या बुरुजाचे दगड तसेही सुटायला लागलेत,
एखादा नेमका सुटावा.

पण परवा तो गिरणीपाशी भेटला.
माझं पोतं उचलून खांद्यावर घेतलं त्यानं,
आणि हळूच म्हणाला,
"त्सियाला, तो तांबडा बैल आठवतो ना?
डावं शिंग मोडकं होतं बघ.
त्याच थंडीत दरीत गेला बिचारा."
त्याचे डोळे गिओर्गी,
झऱ्यासारखे नितळ होते.
त्याला वाईट वाटत होतं, बैलाचं.

पहिल्या वर्षी त्या बैलाला रंग नव्हता.
तिसऱ्या वर्षी शिंग मोडलं.
मग गळ्यात घंटा आली.
सांगून सांगून त्यानं एवढं मोठं जनावर पोसलं,
माझ्याच कुरणावर.

काल रात्री घंटा ऐकू आली.
मी कंदील घेऊन गोठ्यात गेले.
मुलीची गाय होती, दोन मेंढ्या होत्या.
तरी मी कोपऱ्यात वाकून पाहिलं,
शेण आहे का.

म्हणून आले.
ओठांत एक, पोटात एक, अशा माणसापासून वाचव
असं मागता येत नाही आता,
त्याच्या पोटातही तेच आहे.
मला त्या बैलापासून वाचव.

उद्या मलाही हात ठेवायला लावतील.
माझा थरथरेल. धुणी धुऊन सांधे गेलेत,
आणि तुझी भीतीही वाटते.
त्याचा थरथरणार नाही.
बारा जण चेहऱ्याकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात.

कुरण गेलं तर जाऊ दे.
नाही, जाऊ देऊ नकोस.
गाय काय खाईल?

माझ्याकडे त्या संध्याकाळचं एकच वाक्य आहे.
बिमुर्झा उंबऱ्यात बसून विळ्याला नवी मूठ बसवत होता,
वर न बघता म्हणाला,
"बर्फ वितळला की आपल्या कुरणाचा बांध घालू."
आपल्या म्हणाला.
की मीच तो शब्द मागाहून आत ठेवला?

नाही. म्हणाला.
मुठीचं लाकूड ओलं होतं, वास येत होता,
भूर्जाचा.
एवढं नीट राख.
त्यात काही वाढू देऊ नकोस, माझ्याकडूनही.

मेणबत्ती संपत आली.
हात बघ माझा,
आत्ता कोणी नाहीये,
आत्ताच बघून ठेव.