हाताचा उशीर

गेल्या वर्षीच्या सभेत मीच हात वर केला होता:
ज्याचं यंत्र त्यानं उचलून आणावं,
नाहीतर खेळू नये.
रत्नागिरीत, मांडवीजवळच्या हॉलमध्ये अकरा जण,
सात हात माझ्या बाजूनं.
बद्रुद्दीन परकारचाही.

तो हर्णैहून एसटीनं यायचा,
सीपीयू चादरीत, मॉनिटर थर्माकोलच्या पेटीत;
पेटीला बर्फाचा आणि सुरमईचा वास.
त्याच्या प्रोग्रॅमचं नाव करली.
"काटे मोजत बस," म्हणायचा.
माझा नुसता वेंगुर्ला-तीन. मला नावं सुचत नाहीत.

यंत्रं विचार करायची तेव्हा आम्हाला काम नसे.
चाल पडद्यावर आली की पटावर करायची,
घड्याळ दाबायचं, कागदावर लिहायचं.
उरलेल्या वेळात परकार
सोलकढीत बोट बुडवून टेबलावर फांद्या काढी,
कुठली कुठे छाटायची ते दाखवी.
माझी निम्मी अक्कल त्या गुलाबी रेघांची,
पोऱ्यानं फडकं मारायच्या आत पाठ केलेली.

यंदा त्याचं डायलिसिस. मंगळवार, शुक्रवार.
नियम बदलला. सगळे हात वर,
माझा थोडा मागाहून.
यंत्र हर्णैला, चाली फोनवर,
इथे त्याच्या वतीनं कुणीतरी बसायचं.
"वेंगुर्लेकरच बसू दे," म्हणाला.

चौथ्या फेरीत करलीसमोर वेंगुर्ला-तीन.
दोन्ही खुर्च्या माझ्या.
उठायची गरज नव्हती, तरी दर चालीला उठून
पलीकडे जायचो, त्याचा मोहरा त्याच्या बाजूनं हलवायचो.
फोन पाण्याच्या ग्लासाला टेकवलेला.
त्यातून पंखा, खोकला, आणि संध्याकाळी
बंदरावरचा लिलाव: आठशे, आठशे, साडेआठशे,
घोडा एफ पाच.

एकतिसावी चाल ती.
माझ्या पडद्यावरचा आकडा घसरला, घसरतच गेला,
आणि मी घोडा हातात धरून उभा.
चाळीस सेकंद. त्याच्या घड्याळातले.
मुद्दाम नव्हतं, हे कुणाला सांगू?
"झाली का रे चाल?"
"झाली."
"बरं."

त्रेसष्टाव्या चालीला त्याचा वेळ संपला.
मात चार चालींवर होती.
पंचांकडे जाऊन चाळीस सेकंद सांगितले.
त्यांनी नियमावली उलटली, चष्मा पुसला:
हाताचा उशीर ज्याच्या वतीनं हात, त्याच्याच खात्यात.
गुण मला.

मोहरे डब्यात भरत होतो. फोन चालूच.
"भरती आहे का ओहोटी तिथे?"
"ओहोटी," मी म्हटलं, न बघता.
"ते मलाही इथनं दिसतंय.
तू जाऊन बघ."

खिडकी हॉलच्या त्या टोकाला होती.