तिसरा हात

वसमतच्या हळद मोंढ्याची मागची भिंत
एकशे दहा फूट लांब, अकरा फूट उंच.
चौरस फुटाला साडेतीन रुपये, रंग कंपनीचा,
शिडी माझी.

पाच इंग्रजी अक्षरं.
मला इंग्रजी येत नव्हतं, अजून येत नाही.
मी ती चित्रं म्हणून शिकलो:
पहिलं, दोन खांबांत तिरपी अडकवलेली फळी.
दुसरं, भाकरी.
तिसरं, भिंतीला पाठ टेकून एक पाय पुढं टाकलेला माणूस.
चौथं नुसता खांब.
पाचवं माझीच शिडी, उघडून उभी केलेली.

हिंगोलीपासून परभणीपर्यंत हे पाच जण रंगवले.
एसटी स्टँड, जिनिंग, पिठाची गिरणी.
एका न्हाव्यानं तर चहा पाजून मागून घेतले,
म्हणाला, एवढी मोठी कंपनी दारावर असली
की गिऱ्हाईक बसून राहतं.

मोंढ्यात हळदीचा धुरळा कायम.
ओल्या निळ्यावर बसायचा,
कडेकडेनं निळं हिरवट व्हायचं.
कंपनीचा माणूस औरंगाबादहून यायचा,
पुठ्ठ्याचा नमुना भिंतीला लावून म्हणायचा, शेड चुकली.
मी म्हणायचो, साहेब, शेड बरोबर आहे,
गाव वेगळं आहे.

तेव्हा बाहेती शेठच्या काउंटरवर
कंपनीचं नाव कुणी घेत नसे.
'एक द्या' म्हणत.
दुसरं काय देणार होते शेठ?
पडला तर तीन तुकडे, जोडला की बोलायचा.
मुजीबच्या पानपट्टीवर एकदा काताच्या भांड्यात पडला,
धुतला, उन्हात ठेवला, संध्याकाळी वाजला.
ह्याला मरण नाही लिंबाजी, शेठ म्हणत.

मग एका दिवाळीला शोकेसमधली मधली फळी
दुसऱ्यांना दिली. पुढच्या पोळ्याला वरची.
पोरं काचेवर बोट घासायची, विचारायची,
'ह्याला बटणं काऊन?'
शेठ पुसायचं फडकं घेऊन दुसरीकडं वळायचे.
औरंगाबादचा माणूस यायचा थांबला.
नंतर कळलं, तो त्या दुसऱ्यांकडंच लागलाय,
शर्ट तेवढा बदललाय.

तोच एक दिवस मोंढ्यात आला.
नवा फोन भिंतीपुढं धरला,
भिंतीचं माप आपोआप आलं.
टेप धरायला पुढं केलेला माझा हात
तसाच राहिला.
म्हणाला, आधीचं पुसा, पांढरं मारा,
वरून आपण फ्लेक्स लावू.
पुसायला चौरस फुटाला दोन रुपये.

पहिल्या हातानं निळं फिकटलं.
दुसऱ्या हातानं ताकाच्या निवळीएवढं उरलं.
तिसऱ्या हाताचा चुना त्याच्या हिशोबात बसेना.
मीही ओढून धरलं नाही.

फ्लेक्सला पेंटर लागत नाही,
तार लागते आणि एक पोरगं.
मी आता नंबरप्लेटा लिहितो.
माझा जुना फोन कपाटात आहे,
त्याच्या बॅटरीवर मुजीबचा लाल रेडिओ चालतो.

यंदा चैत्राच्या वावटळीत फ्लेक्स फाटला.
निवळीतून दोनच अक्षरं वर आलेली,
भाकरी आणि टेकलेला माणूस.
पुढं उभ्या राहून दोन पोरी फोटो काढत होत्या.
एक म्हणाली, हे काय गं?
दुसरी म्हणाली, ओके लिहिलंय कुणीतरी.

मी त्या माणसाचा पाय बघत होतो.
वाकडा आलाय. लोकांना दिसत नाही.

आठव्या पायरीवर होतो मी त्या दिवशी,
शेठनं दिलेला कोरा फोन खिशात
पहिल्यांदाच थरथरला,
ब्रश बोटभर खाली घसरला.
बाहेती शेठच होते.
'लिंबाजी, ऐकू यायलंय ना?
अक्षरं सरळ यायलीत ना?'