चौदा ग्रॅम

दांडिया बाजारात, शुक्रवारी दुपारी,
गिऱ्हाईक पातळ झालं
की पपा वजनं घासायला बसत.
विटेची पूड, चिंचेचा कोळ, काथ्याची शेंडी.
पारड्याला चिकटलेली डाळ ही दुसऱ्याची डाळ,
हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं,
वडिलांना त्यांच्या वडिलांनी,
झिराडच्या घाण्यावर, शनवारतेल्यांच्या घरात.
मग आंघोळ, मग दिवे, मग शब्बाथ.
शनिवारी फळ्या लागलेल्या बघून
नवीन गिऱ्हाईक शेजारी विचारायचं,
झिराडकरांकडे कुणी गेलं का?

तोलमाप खात्याच्या कंसारासाहेबांनी
दहा किलोचं वजन उचललं,
आपल्या पेटीतल्या वजनासमोर ठेवलं,
आणि चष्मा कपाळावर सारला.
चौदा ग्रॅम कमी.
"घासून घासून झिजलंय, हस्केलभाई.
नवीन घ्या. दंड नाही लिहीत."
पपांनी चहा मागवला. स्वतः प्यायले नाहीत.

दोन रात्री ते जुन्या वहीच्या पाठीवर
आकडे मांडत होते.
दिवसाला शंभर किलो माल, वर्षाचे तीनशे दिवस,
नऊ वर्षं.
झीज कधी सुरू झाली ते कुणाला ठाऊक,
म्हणून पहिल्या दिवसापासूनच धरली.
तीनशे अठ्ठ्याहत्तर किलो.
वर पाचवा हिस्सा, परत करताना घालतात तो.
आई म्हणाली, तुम्ही चोरी थोडीच केलीत?
पपा म्हणाले, मग ते घरात कसं आलं?

ओळखीच्यांकडे मी गेले, पिशव्या घेऊन.
फणसेबाई हसल्या. कोंडविलकरांनी डाळ परत पाठवली,
पपांनी पुन्हा पाठवली.
भालेरावांच्या सुनेने मोजून घेतली, ते बरं वाटलं.
पण प्रतापनगरच्या यार्डातले हमाल,
डभोईच्या गाडीने आलेले, तिच्याच गाडीने गेलेले,
एकदाच गूळ घेतलेली ती लाल ओढणीवाली,
आणि जे वारले?

अहमदाबादला, सिनेगॉगच्या एका म्हाताऱ्यांना
पपांनी कार्ड टाकलं.
उत्तर आलं ते मोजून दोन ओळींचं:
ज्यांची नावं माहीत नाहीत
त्यांच्यासाठी पाणी काढ.

म्हणून दुकानाच्या कोपऱ्यावर टाकी आली,
चार नळ, खाली दगडी पन्हळ,
एक नळ मुलांच्या उंचीचा.
वेपारी मंडळाने हार आणला.
संगमरवराची पाटी तयार होती,
वर "दानवीर", खाली पपांचं पूर्ण नाव.
पपांना घाम फुटला.
"दान?" ते म्हणाले. "मी अजून फेडतोय."
त्यांनी समजवायचा प्रयत्न केला,
की आमच्याकडे त्सदाका म्हणतात
त्या शब्दाच्या पोटात न्याय आहे, दया नाही,
आणि इथे तर तोही नाही, इथे नुसती उधारी.
मंडळाला ते विनयच वाटलं.
टाळ्या पडल्या.
पाटी आता आमच्या मोरीत आहे, पालथी;
तिच्यावर कपडे छान निघतात.

त्या नळाचं पाणी पपा कधी प्यायले नाहीत.
भर वैशाखात, समोर धार वाहत असताना,
घरून तांब्या यायचा.

आता काटा बॅटरीचा आहे, दाणाभर हलत नाही.
ते वजन गल्ल्यामागे फळीवर ठेवलंय.
त्याला मी हात लावत नाही, धूळ बसू देते.
बसता बसता चौदा ग्रॅम कधी भरतील
याचा हिशोब एकदा करून पाहिला,
मग लाज वाटली.

परवा एक रिक्षावाला तोंड पुसत म्हणाला,
बेन, कोणी बंधावलीय ही परब?
म्हटलं, तुमच्याचपैकी कुणीतरी.
तो आणखी एक ओंजळ प्यायला
आणि नळ नीट बंद करून गेला.

टाकी दर गुरुवारी मीच घासते.
फार जोर न लावता.